दिव्याखालचा हिशेब



हीरक महोत्सवाची रोषणाई आपण पाहतच आहात; मी मात्र विजेच्या बिलाविषयी बोलणार आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवताना बिलात गेलेला प्रत्येक रुपया ग्रंथालयातून वजा होतो.

हिशेब साधा आहे. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे 30. असे 50 पंखे रोज 6 तास चालले, तर दिवसाला साडेतेरा युनिट वाचतात. 200 दिवसांत 2700.

परंतु खरेदीपूर्वी रिकाम्या खोल्यांकडे पाहावे. पट घटूनही वर्ग तिन्ही मजल्यांवर विखुरलेले राहिले, तर व्हरांड्यांतले दिवे पूर्वीइतकेच जळतात. वर्ग जवळ आणले की खर्च उतरतो. बिलातला स्थिर आकार बहुधा मंजूर भारावर ठरतो आणि सुट्टीतही द्यावा लागतो. वापर कायमचा घटला असेल, तर भार कमी करून घेण्याचा अर्ज करावा.

आणि हे काम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. शाळा सुटताना व भरताना त्यांनी मीटरवरील आकडे फळ्यावर लिहावेत. दोहोंतील फरक म्हणजे रात्रीचा वापर. पाण्याची मोटर की विसरलेला संगणक, याचा शोध मुलेच घेतील. वजाबाकी आणि विज्ञान मायबोलीतूनच शिकतील.

माजी विद्यार्थ्यांनो, कमानीऐवजी एका वर्गाचे पंखे द्या. त्यांवर आपले नाव नसेल. पण वाचलेल्या पैशांतून दरवर्षी मराठी पुस्तके येतील.