पाहुणा घरी उतरतो तेव्हा

शहरातला मनुष्य पैसे मोजून आपल्या घरी दोन रात्री राहायला येणार, असे घरातल्या म्हातारीला सांगा. ती म्हणेल, "पाहुण्याकडनं कुणी पैसं घेतं का रं?" तिचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पण पाहुणा वर्षातून एकदा येतो, ही मंडळी दर शनिवारी येणार. पीठ, सरपण आणि घरच्या बाईचे कष्ट यांचा हिशेब धरायलाच हवा.

जुन्नर तालुका २०१८ साली शासनाने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, आणि २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट पाहायला लोक येतातच. निमगाव साव्यासारख्या गावाने मात्र दाखवायचे काय? तर आपले घरच दाखवायचे!

आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. तिथल्या डोंगराळ मुलखातल्या जुन्या घरांत ईशान्य कोपरा पूर्वजांचा मानतात. आपणही देवघर ईशान्येलाच असावे म्हणतो की नाही? तिथे भात झाला की भांड्याच्या बुडाच्या खरवडीत पाणी घालून उकळतात, अन् तेच जेवणाबरोबर पितात. उतारू ते पाणी चवीने पितो, कारण ते त्याला दुसरीकडे मिळत नाही.

आपल्याकडे तशी मासवडी आहे. नावात मासा, पण पदार्थात औषधालाही नाही! घट्ट शिजवलेले बेसन ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचे. हाताला चटके बसतातच. आत तीळ, खोबरे, लसूण, कोथिंबीर. गुंडाळी करून वड्या पाडायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. हे सोडून पाहुण्यासाठी पनीर कशाला हो शोधता? आणि अंगण सारवलेले असेल तर त्यावर फरशी घालू नका. संडास मात्र स्वच्छ हवा, आणि घराला लागून हवा. आपल्या उसात बिबट्या आहे. अंधार पडल्यावर पोरांना एकटे बाहेर सोडू नका, हे पाहुण्याला आल्या आल्याच सांगून टाका. लपवण्यात शहाणपणा नाही.

गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक काम आहे. कणगी, उतरंड, जाते, पाटा-वरवंटा यांची नावे आणि उपयोग मुलांकडून घरी विचारून लिहून घ्या. पाहुणा विचारील तेव्हा उत्तर पोरानेच द्यावे.

राहता राहिला पैसा. दर आधी ठरवा, दाराशी लिहून लावा. आणि स्वयंपाकाची रक्कम जिने चटके सोसले तिच्याच खात्यात जमा करा.