रोखायचं कोणाला?

नांदेड-किनवट-यवतमाळहून आलेले त्वचारोगतज्ज्ञ, रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने निर्मलनगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. २०१६पर्यंत आदिलाबादचा भाग असलेला हा तेलंगणातला निर्मल जिल्हा. आमच्या भैंसा-मुधोळच्या बाजारात तेलुगू आणि मराठी दोन्ही चालतात, तेव्हा भाषेवाचून आपलं काही अडणार नाही.

निर्मलची ओळख लाकडी खेळण्यांची. इथले कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाचे भाग चिंचोक्यांची खळ आणि भुसा यांच्या लगद्याने सांधतात. त्वचेचा वरचा थरही असाच सांधलेला: मृत पेशींच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं. मात्र तिथले कारागीर म्हणजे एन्झाइम, आणि त्यांना सुट्टी नसते.

या एन्झाइमना रोखणारी रसायनं हा आपल्या परिषदेचा विषय. ट्रान्सग्लुटामिनेज-१ प्रथिनं एकमेकांत गुंफून पेशीभोवती टणक आवरण करतं; जन्मतःच ते निकामी असेल तर लॅमेलर इक्थिओसिस हा खवलेदार त्वचेचा आजार होतो. कॅलिक्राइन-५ आणि ७ यांचं काम उलटं, जुन्या पेशींचे सांधे कापण्याचं. त्यांना आवरणारं लेक्टी हे प्रथिन नसेल, तर नेदरटन सिंड्रोम होऊन त्वचा अवेळी सुटू लागते. म्हणजे पहिल्याला रोखणारा रेणू त्वचेला घातक, तर दुसऱ्यांना रोखणारा कदाचित औषध! उदाहरणार्थ, सीलिअॅक या आतड्याच्या आजारासाठी ट्रान्सग्लुटामिनेज-२ रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच कुळातल्या त्वचेच्या एन्झाइमला धक्का न लावणं, यातच रसायनशास्त्रज्ञाची खरी कसोटी.

हीच कसोटी दवाखान्यातही लागते. आदिलाबादकडची थंडी कडक, त्यात अंग फुटतं, खाजतं. मग मेडिकलमधून कोणी तरी सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम घरात येतं. खाज थांबते, पण त्याच मलमाने मेद तयार होणंही मंदावतं आणि त्वचेचा हा संरक्षक थर आणखी कमकुवत होतो. केंद्र सरकारने २०१८मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एच या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली, तरी चिठ्ठीशिवायची विक्री थांबलेली नाही.

म्हणून यजमान या नात्याने एकच मागणं. दोन दिवसांत इथे ज्या रेणूची चर्चा होईल, त्याबद्दल हा प्रश्न जरूर विचारा: हा आणखी कोणाला रोखतो? उत्तर मिळालं तर रुग्णाचं भलं होईल, न मिळालं तर पुढच्या संशोधनाला विषय मिळेल.

अध्यक्षांना परिषदेचं कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.