पहिल्यांदा ऐकलेला शेरखान

(मार्च १९९९ च्या दहावीच्या तुकडीच्या पंचवीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. शाळेत असताना अशी चूक कुणी केली नव्हती. त्यामुळे आज मी आवाजांवर बोलणार आहे, आणि सुरुवात व्हिडिओ गेमपासून करणार आहे. सरांनी रागावू नये.

माझा मुलगा सातवीत आहे. गेल्या दिवाळीत तो रुसून बसला, आणि कारण काय तर मारिओ. लाल टोपीचा, झुपकेदार मिशांचा तो खेळातला प्लंबर. चार्ल्स मार्टिने नावाचे गृहस्थ १९९० च्या दशकापासून त्याला आवाज देत होते. २०२३ मध्ये ते थांबले आणि ऑक्टोबरात आलेल्या नव्या खेळात केव्हिन अफगाणी यांचा आवाज आला. आता मारिओ बोलतो तरी किती? उडी मारताना एक आरोळी आणि दोन-चार शब्द. पण पोरगं म्हणालं, "पप्पा, हा मारिओ नाहीच."

मी हसलो. म्हटलं, अरे, आमच्या शेरखानचे किती आवाज झाले ते ऐक.

१९९३ साल आठवा. आपण पाचवीत होतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. आमच्या वाडीत एकच टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. पडवीत पंचवीस-तीस पोरं, आणि एक जण बाहेर अँटेना धरून उभा. घाटात राहणाऱ्यांच्या नशिबी मुंग्याच जास्त. त्यामुळे आमचा शेरखान पिवळा नव्हताच. राखाडी होता, मधूनमधून दिसायचाही नाही. त्याचं वाघपण होतं ते सगळं आवाजात, आणि तो आवाज होता नाना पाटेकर यांचा. मुरुड-जंजिऱ्याचा माणूस, म्हणजे आपल्याच रायगडचा. वाघ हिंदी बोलायचा, पण तो आपल्याकडचा आहे याचा केवढा अभिमान होता आपल्याला!

ती मालिका मुळात जपानी, ५२ भागांची. चित्रं आधीच तयार, तोंडं जपानी शब्दांवर उघडणारी. हिंदी बोलणाऱ्याने त्या उघडझापीतच वाक्य बसवायचं असतं. तोंड मिटलं की संपलं. नानांचं मुळातच वाक्य तोडून बोलणं, मध्येच थांबणं, मग एक शब्द दगडासारखा टाकणं, हे त्यात असं बसलं की ओढूनताणून भरल्यासारखं कधी वाटलं नाही. ते थांबले की पडवीतली पोरं थांबायची. पुढच्या शब्दाची वाट बघण्यातच खरी भीती होती.

नंतर नोकरीसाठी मुंबईला गेलो आणि डिस्नेचा १९६७ चा इंग्रजी चित्रपट पाहिला. त्यात शेरखानला जॉर्ज सँडर्स यांचा आवाज आहे. हा वाघ ओरडत नाही. अत्यंत सभ्य, मऊ, जरासा कंटाळलेला. पाहुण्याला चहा विचारावा तशा सुरात तो जिवावर उठल्याचं सांगतो. मला तेव्हा तो अजिबात आवडला नाही. हा कसला वाघ, हा तर इस्टेटीचा मालक, असं वाटलं.

मग २०१६ चा जॉन फॅवरो यांचा चित्रपट. इंग्रजीत इद्रिस एल्बा. आवाज खोल, जड, बोलायला लागला की जमिनीखालून आल्यासारखा. हिंदीत पुन्हा नाना! इरफान, ओम पुरी, प्रियांका चोप्रा, सगळे होते, पण मी तिकीट काढलं ते नानांसाठी. आणि मित्रांनो, थिएटरात बसून मी काय म्हणालो असेन? "हा तो शेरखान नाही." १९९३ मध्ये नाना बेचाळीस वर्षांचे होते, २०१६ मध्ये पासष्ट. आवाज खाली उतरला होता, घाई कमी झाली होती, जरब जास्त होती. माणूस तोच. तरी माझ्या कानातल्या पडवीतल्या नानांशी हे नाना जुळेनात.

पुढे २०१८ मध्ये अँडी सर्किस यांचा 'मोगली' आला. इंग्रजीत बेनेडिक्ट कम्बरबॅच, आणि हिंदीत जॅकी श्रॉफ. जॅकींचा शेरखान संथ, घसा भरलेला, शब्द ओढत नेणारा. माझ्या मुलाने लॉकडाऊनमध्ये सगळ्यात आधी हाच पाहिला. नंतर मी त्याला कौतुकाने जुने नाना ऐकवले. तो म्हणाला, "बरे आहेत. पण शेरखान असा बोलत नाही."

आता सांगा, कोण खरं? मी त्याला जे सांगणार होतो, तेच तो मला सांगत होता.

त्यानंतर मी सगळे शेरखान पुन्हा एकदा ऐकले. या वेळी 'माझ्यासारखा आहे का' असं न विचारता, 'हा काय करतोय' असं विचारत. तेव्हा सँडर्स कळले. ज्याला कुणाचीच भीती नाही, त्याला आवाज चढवायची गरजच काय? एल्बांच्या आवाजात जुना राग दिसला. जॅकींच्या संथपणात शिकार कुठे जाणार नाही याची खात्री दिसली. आणि नानांच्या तोडून बोलण्यात उतावीळपणा दिसला, कधीही झडप घालेल असा. सगळे वाघच आहेत. मी आजवर त्यांना नाना नसल्याबद्दल नापास करत आलो होतो.

इथे माझं मनोरंजन संपतं. आता खरी गोष्ट सांगतो.

सातवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर आपले हिंदीचे सर बदलून गेले. त्यांचा आवाज तुम्हाला आठवतो. ते वर्गात धडा वाचायला लागले की घाटातल्या ट्रकचा आवाज ऐकू यायचा नाही. आपण त्यांना मागून शेरखानच म्हणायचो, प्रेमाने. त्यांच्या जागी दुसरे सर आले. आवाज बारीक, थोडा थरथरणारा. तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा, पुढे नाही. पहिल्याच तासाला त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, "म्याव."

सगळा वर्ग हसला. सर थांबले. त्यांनी चष्मा वर सरकवला, पान क्रमांक पुन्हा सांगितला आणि वाचू लागले. पुढचे कितीतरी महिने ते 'म्याव' चालू राहिलं. कुणी केलं याची चौकशी सरांनी कधी केली नाही, आणि वर्गातल्या कुणी नावही सांगितलं नाही. आज मी सांगतो. पहिलं 'म्याव' माझं होतं.

एवढंच सांगून भागत नाही. आठवतंय, सरांनी नंतर काय सुरू केलं? आपला आवाज मागे पोचत नाही हे त्यांनाही कळत होतं. मग ते म्हणाले, "तुम्ही वाचा." रोज एकाला मागच्या भिंतीशी उभं करायचे आणि स्वतः फळ्याजवळ थांबायचे. फळ्यापर्यंत शब्द स्पष्ट पोचला पाहिजे, नाहीतर परिच्छेद पहिल्यापासून. जिथे स्वल्पविराम, तिथे थांबायचं. जिथे पूर्णविराम, तिथे श्वास घ्यायचा. आधीच्या सरांचं वाचन ऐकताना आपण भारावून जायचो, पण आपल्याला कुणी वाचायला लावलं नव्हतं. या सरांकडे वर्गातल्या सगळ्यांनी वाचलं. जी मुलगी हजेरीलाही पुटपुटायची, तिने अख्खा धडा वाचला. मी आज इथे कागदाशिवाय दहा मिनिटं बोलतोय, ते त्या भिंतीशी उभं राहून शिकलो.

आणि दहावीच्या निरोप समारंभात मी आभार कुणाचे मानले? आधीच्या सरांचे. 'तसा आवाज पुन्हा होणे नाही,' असं वाक्यही टाकलं होतं. दुसरे सर समोरच बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोकांच्या लाडक्या माणसाच्या जागी दुसरं कुणी येतं, तेव्हा त्याच्यावर दोन कामं पडतात. एक त्याचं स्वतःचं आणि दुसरं, आधीच्याच्या आठवणीशी रोज झुंजण्याचं. दुसऱ्या कामाचा पगार नसतो. ते काम आम्ही तुमच्यावर लादलं, सर. तीन-साडेतीन वर्षं लादलं.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुमची माफी मागायला मला पंचवीस वर्षं लागली. उशीर झालाय हे मला कळतं.

एक विनंती आहे. शाळेने आपल्या वेळचं सातवीचं हिंदीचं पुस्तक कपाटातून शोधून दिलंय, ते इथे टेबलावर आहे. जेवायला बसण्याआधी त्यातलं एक पान तुम्ही वाचाल का? आज माइक आहे, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत नक्की पोचेल. शेवटच्या बाकावर माझा मुलगा बसला आहे. त्याने तुमच्याआधी इथल्या कुठल्याच सरांना ऐकलेलं नाही.