महिन्याचा डबा की एकत्र शिधा?



आपल्या बिलोलीची मुले-मुली शिकण्यासाठी नांदेडला जातात. तेथे पहिला प्रश्न जेवणाचा. महिन्याचे पैसे भरून मेसचा डबा लावला की वेळ वाचतो, अभ्यासात खंड पडत नाही. हा फायदा आम्ही नाकारत नाही. परंतु पैसे आगाऊ जातात, गावी आल्यावर खाड्याचे दिवस वजा होतीलच असे नाही, आणि जेवण बेचव निघाले तरी महिना काढावा लागतो.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना सुरू झाली. भोजन-निवासाची रक्कम त्यांच्याच खात्यात जमा होते. तेव्हा हिशोबही त्यांनीच शिकला पाहिजे.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुसरा मार्ग दाखविला. शेजारची कुटुंबे संघ करून यादी देतात आणि घाऊक खरेदीचा माल दर महिन्याला त्यांच्यापर्यंत पोहोचतो. आपल्या चार-पाच मुलांनीही मिळून शिधा भरावा, पाळीने स्वयंपाक करावा. परीक्षेच्या महिन्यात मात्र डबा जरूर लावावा. खाड्याची अट तेवढी आधी लिहून घ्यावी. पैसा वाचावा, पण पोट मारून नव्हे, एवढेच आमचे सांगणे.