चाँद बघायला अंधार लागतो



गेल्या चाँदरातीला आम्ही खडकीतल्या आमच्या गच्चीवर उभे होतो. समोरच्या इमारतीचा फ्लडलाइट थेट डोळ्यांवर येत होता. शेवटी चाँद मोबाईलवरच कळला.

आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, डेसिबलची मर्यादा आहे. उजेडासाठी देशात असा वेगळा कायदा नाही. पण करायचं ठरवलं तर होतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पालगत सिल्लारी, खापा अशा गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे वळवले. जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं.

बहिणी विचारतील, मग रात्री घरी यायचं कसं? रस्त्यावरचे दिवे बंद करा, असं मी म्हणतच नाही. दिव्याला वरून झाकण हवं, तोंड खाली हवं. रस्ता नीट दिसेल, डोळे दिपणार नाहीत.

असा नियम आपण कँटोन्मेंट बोर्डाकडे मागूया. पण त्याआधी आपल्या मशिदीच्या मिनारावरचा झोत इशानंतर बंद करूया, दुकानाची पाटी शटरबरोबर विझवूया. मग अर्ज घेऊन जाताना मान खाली घालावी लागणार नाही.