दलालीतील सूट आणि घर घेणाऱ्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, वाशीम येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नव्हेत. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसलो, ते आजही तेथेच बसतो. परंतु गृहकर्जाची कागदपत्रे रोज हाताखालून जातात आणि त्या कागदांवर कोठेही न दिसणारा एक खर्च आम्हास नेहमी सतावतो. तो म्हणजे दलाली. अलीकडे प्रत्येक एजंट सांगतो, "भाऊ, दोन टक्के घेतो, पण त्यातला एक तुम्हाला वापस." ऐकणाऱ्याला वाटते, माणूस मोठ्या मनाचा आहे. ही सूट कोठून येते आणि कोणाच्या खिशातून येते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. कार्यालये आली, नोकरदार आले, आणि लाखाळा असो की हिंगोली नाका, शेताचे ले-आऊट पडू लागले. पुढे समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला आणि त्याच्या आसपासच्या ओसाड बरड्यांनाही भाव आला. आपल्या वस्तीतील पहिल्या पिढीचा शिक्षक, कंडक्टर, नर्सबाई आयुष्यभराची कमाई घेऊन या बाजारात उतरते. सोबत कोण? ओळखीचा एजंट. विकणाऱ्याचाही तोच आणि घेणाऱ्याचाही तोच. दोन्हीकडून टक्का घेतो, आणि दोघांनाही म्हणतो, "मी तुमचाच माणूस."

अमेरिकेत ही रीत वेगळी आहे. तेथे घेणाऱ्याचा एजंट स्वतंत्र असतो. पूर्वापार चाल अशी की विकणारा पाच-सहा टक्के कमिशन देई आणि ते दोन्ही एजंटांत वाटले जाई. घेणाऱ्याचा एजंट आपल्या वाट्यातील काही रक्कम गिऱ्हाइकाला परत करी, त्याला ते रिबेट म्हणतात. काही राज्यांत अशा परताव्यावर बंदी आहे, बहुतेकांत नाही. १७ ऑगस्ट २०२४ पासून तेथील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम बदलला. आता घर दाखविण्यापूर्वीच घेणाऱ्याने आपल्या एजंटाशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मेहनताना स्पष्ट लिहावा लागतो. परतावा द्यावयाचा तर मूळ रक्कम किती, हे आधी कागदावर असते.

आपल्याकडे नेमका तो कागदच नसतो. याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे.

२०१२ साली आम्ही १,५०० चौरस फुटांचा प्लॉट घेतला. एजंट परिचयाचा. भाव ४२० रुपये फूट सांगितला, म्हणजे ६,३०,००० रुपये. दलाली दोन टक्के, १२,६०० रुपये. त्यातील निम्मे, ६,३०० रुपये, त्याने खरोखर परत केले. घरी पेढे आले. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर चहा पिताना मूळ मालक, एक वयस्क शेतकरी, सहज बोलून गेले, "मी तं तीनशे ऐंशीनंच देल्ला. वरचे त्याचे." चहा तसाच राहिला. फुटामागे ४० रुपये, म्हणजे ६०,००० रुपये मधल्या माणसाचे. त्यातून आम्हास ६,३०० परत मिळाले आणि त्याबद्दल आम्ही त्याचे आभार मानले होते. भांडण केले नाही. कशाच्या आधारावर करणार? मालकाला आम्ही त्यापूर्वी एकदाही भेटलो नव्हतो. एजंटाने भेटू दिले नव्हते, आणि आम्हीही हट्ट धरला नव्हता.

तेव्हा सूट किती, हा प्रश्न नंतरचा. मालकाला हातात किती मिळणार, हा प्रश्न आधीचा. आज एखाद्याने २० लाखांचे घर घेताना ४० हजारांच्या दलालीतील २० हजार परत मिळविले आणि घराच्या किमतीत एक लाख जास्त भरले, तर ते लाखही कर्जातच जातात. नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी एका लाखाचा हप्ता सुमारे ९०० रुपये बसतो. २४० हप्त्यांचे २,१६,००० होतात. हे गणित विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे आणि वडिलांना दाखवावे.

दलाली कर्जात धरली जात नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकतात. प्रत्यक्षात पगार पाहून कमीही मिळतात. उरलेले दहा टक्के, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि दलाली हे सारे आपल्या गाठीचे. ऐनवेळी पैसे कमी पडले म्हणून चढ्या व्याजाने हातउसने घेतलेले कितीतरी कर्जदार आम्ही पाहिले आहेत.

याच अडचणीवर एजंट एक तोड सुचवितो. म्हणतो, "कागदावर किंमत दोन लाख वाढवून लिहू, बँक त्यावर कर्ज देईल, वरची रक्कम नगदी तुम्हाला वापस." बंधूंनो, ही सूट नव्हे. ही बँकेशी केलेली लबाडी आहे आणि तिच्यावर सही तुमची असते, एजंटाची नसते. वाढीव किमतीवर मुद्रांक शुल्क भरा, वाढीव कर्जावर व्याज भरा, आणि उद्या चौकशी लागली तर नोकरीही धोक्यात घाला. काउंटरपलीकडून आम्ही कितीही मित्र असलो तरी यात मदत करू शकत नाही. कृपया विचारू नये.

खरी सूट म्हणजे खरेदीखतात लिहिलेली कमी किंमत. ती झाली की कर्ज कमी, हप्ता कमी. मात्र मुद्रांक शुल्क हे करारातील किंमत आणि शासनाच्या रेडी रेकनरची किंमत यांतील जी जास्त असेल तिच्यावर लागते, हे ध्यानात असावे. दुसरी चांगली रीत म्हणजे दलालीच कमी ठरविणे, ती चेकने देणे आणि पावती घेणे. घेऊन मग परत देण्याचा सोहळा हवाच कशाला?

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटाची नोंदणी आवश्यक केली. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून काम करते आणि एजंटांसाठी तिने २०२३ पासून परीक्षाही सुरू केली. ले-आऊटचे प्लॉटही या कायद्यात येतात, पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या लहान जमिनीच्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. दलालीचा दर मात्र कायद्याने ठरवून दिलेला नाही, तो बोलणीचाच विषय आहे. "सरकारी रेट दोन टक्के आहे" असे कोणी म्हटले तर तो खोटे बोलतो. आणि अकृषक परवानगी नसलेल्या शेताचे तुकडे विकताना एजंट सर्वांत मोठी सूट देतो, हेही आमचे निरीक्षण आहे. असा माल दुसऱ्या कशाने खपत नाही.

आता थोडे कटू बोलतो. आडनाव विचारून "त्या ले-आऊटमधले प्लॉट संपले" असे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. आम्हीही ऐकले. दुसऱ्याच दिवशी आमच्या एका सहकाऱ्याला तेथेच तीन प्लॉट दाखविण्यात आले. अशा वेळी एखादा एजंट हळूच म्हणतो, "मी जमवून देतो, पण टक्का वाढवा." म्हणजे इतरांना सूट आणि आपल्याला अधिभार. आम्ही त्या भागात घेण्याचा नाद तेव्हा सोडला. ते योग्य केले की अयोग्य, हे अजून ठरविता आलेले नाही.

एक सूट मात्र कोणताही एजंट आपणहून सांगत नाही, कारण तीत त्याचे काही नाही. घर किंवा फ्लॅट स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. रिकाम्या प्लॉटला ती नाही. २० लाखांच्या घरावर २० हजार होतात, म्हणजे एजंट मोठ्या मनाने परत करतो तेवढेच. माता-भगिनींनी हे घरी गेल्यावर जरूर बोलावे.

इसार देण्यापूर्वी एजंटाकडून लिहून घ्यावयाच्या मजकुराचा नमुना आम्ही तयार केला आहे. मालकाचे नाव, मालकाला मिळणारी रक्कम, एजंट दोन्ही बाजूंकडून किती घेणार ती रक्कम, त्याचा महारेरा क्रमांक आणि सही, एवढाच तो आहे. शंभर प्रती काढून सचिवांकडे ठेवल्या आहेत.