चारित्र्य आणि शब्दांची जबाबदारी

शासकीय सेवेत नव्याने प्रवेश करणाऱ्या आपणा सर्वांशी चारित्र्य या विषयावर बोलताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. निर्व्यसनी राहणी, सौम्य वाणी आणि लाचेला न शिवणारा हात या गोष्टी आवश्यक खऱ्याच. परंतु तेवढ्याने चारित्र्य पूर्ण होत नाही. आपल्या शब्दांचे आणि कृतीचे परिणाम स्वतः सोसण्याची तयारी, ही माझ्या मते त्याची खरी कसोटी होय. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या जीवनातील एक प्रसंग या दृष्टीने मननीय आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली होती. घरोघरच्या तपासणीसाठी गोरे सैनिक नेमले गेले आणि त्यांच्या वर्तनामुळे शहर संतप्त झाले. गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी इंग्लंडमध्ये होते. वय अवघे ३१. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा व त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचा आरोप त्यांनी तेथील वृत्तपत्रातून केला. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुराव्याचा शोध घेतला. पण आरोप सिद्ध करता येईल असा आधार हाती येईना. तेव्हा त्यांनी तो मागे घेऊन जाहीरपणे, विनाअट क्षमा मागितली.

काळ कसा होता, हे ध्यानात घ्यावे. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली होती. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना अटक झाली होती. अशा वेळी पत्रलेखकांची नावे सांगून स्वतः मोकळे होणे गोखल्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती उघड केली नाहीत. सरकारचा रोष आणि स्वकीयांचा उपहास, दोन्ही त्यांनी एकट्याने सोसले. भित्रेपणाचा शिक्का त्यांच्यावर बसला. लोकांच्या साऱ्याच तक्रारी खोट्या होत्या, असा त्या क्षमायाचनेचा अर्थ नव्हता. जे सिद्ध करता येत नाही ते सत्य म्हणून सांगता येत नाही, एवढाच तिचा अर्थ होता.

चारित्र्यवान मनुष्य अशा आघाताने मूक होत नाही. १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना गोखल्यांनी आकडेवारीच्या भक्कम आधाराने सरकारी धोरणावर टीका केली. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी लावून धरली; १९०३ साली तो कमी झाला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे १९११ चे विधेयक मात्र १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ते मंजूर होणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी आपली बाजू तितक्याच तळमळीने मांडली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

मित्रहो, उद्या आपल्या स्वाक्षरीने पंचनामे होतील, अहवाल जातील, कोणाला अनुदान मिळेल, कोणाचे नाकारले जाईल. न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करू नका. निर्णय चुकलाच, तर तो लिपिकाच्या किंवा तलाठ्याच्या माथी मारू नका. ज्याने विश्वासाने माहिती दिली, त्याला उघड्यावर सोडू नका. हे व्रत कठीण आहे; परंतु शासनावरील जनतेचा विश्वास अखेर अशाच माणसांच्या आधारावर टिकतो. ते आपल्या हातून घडो, हीच सदिच्छा.